भाऊबीजेचा रेडिएटर

माझा आवाज हे माझं पोट आहे. गाणारा नव्हे, साधा बोलणारा. शाळेच्या पुस्तकांचे धडे, दवाखान्यातल्या सूचना, लहान मुलांच्या गोष्टी, कुणाच्या तरी मसाल्याची जाहिरात, असलं सगळं मी घरात बसून वाचते आणि फाइल ठाण्याला पाठवते. त्यावर आमचा निम्मा संसार चालतो. चालायचा, असं म्हणायला हवं आता. हे मी रागात लिहितेय, आधीच सांगून ठेवते. शांतपणे लिहायचा प्रयत्न करून झालाय, जमलेलं नाही.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. आतल्या खोलीत कपाटाच्या दारांवर गोधड्या टांगून मी माझा कोपरा केलेला. शेजारणीचा मिक्सर, सोसायटीचा पंप, खालून जाणारा भंगारवाला, या सगळ्यांच्या वेळा मला पाठ. ते थांबले की मी वाचायला बसायचे. पण कॉम्प्युटरचं काय करायचं? तो तर माझ्या बाजूलाच घरघरत बसलेला. ठाण्याच्या मॅडम, म्हणजे ज्या मला काम द्यायच्या त्या, फाइल परत पाठवायच्या आणि विचारायच्या, अगं, मागे कोण दळण दळतंय? मी तो डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, लांब वायरी ओढल्या. नवरा त्यात पाय अडकून पडता पडता वाचला. मग पुन्हा आत आणला. सॉफ्टवेअरने घरघर पुसायला गेलं तर आवाजातला जीव पण पुसला जायचा, मी पिंपात तोंड घालून बोलतेय असं वाटायचं. परत पाठवलेल्या फाइलींमुळे कामं दुसरीकडे जायला लागली, तेव्हा माझं धाबं दणाणलं.

मग मी दादाला सांगितलं.

दादा माझा सख्खा भाऊ नाही. आम्ही दोघं मोहन्याला एका चाळीत वाढलो, भिंतीला भिंत लागून. मी एकटी, तो एकटा. हातात ताट सरळ धरता येत नव्हतं तेव्हापासून मी त्याला ओवाळतेय. त्याची आई ती माझी काकू. माझ्या आईला दवाखान्यात ठेवलेलं तेव्हा काकूंनी मला वेणी घालून शाळेत पाठवलेलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे आम्ही डोंबिवलीला आलो, ते विठ्ठलवाडीला गेले. तिथे दादाने कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि वरच्या खोलीत काकू. माझ्या लग्नात कानपिळ्या भावाचा मान त्यानेच घेतला, म्हणजे माझ्या नवऱ्याचा कान त्याने पिळला, आणि चांगला लाल होईपर्यंत पिळला. सांगायचा मुद्दा, आमच्यात मानलेलं वगैरे काही राहिलेलं नव्हतं.

दादा म्हणाला, तुझ्या डब्यातला पंखा छोटा आहे आणि त्याला काम जास्त, म्हणून तो कोकलतो. मोठा पंखा हळू फिरला तर तेवढीच हवा फेकतो आणि आवाज करत नाही. त्याहून बरं म्हणजे पाण्याने थंड करायचं. गाडीला असतो तसा रेडिएटर, त्यात पाणी फिरणार, त्यावर मोठे पंखे निवांत फिरणार. दिवाळीला येतो, तेव्हा बघू.

भाऊबीजेला आला तो दोन खोकी घेऊन. मी त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली, ओवाळलं. दरवर्षी तो पाकीट ठेवतो. या खेपेला त्याने ती दोन्ही खोकी ताटाला टेकवली. एका खोक्यात रेडिएटर आणि पंखे. दुसऱ्यात एक मोठं, जड ग्राफिक कार्ड, त्यालाच नळ्या आणि स्वतःचा वेगळा रेडिएटर जोडलेला. असली कार्डं गेम खेळणाऱ्या पोरांकडे असतात एवढं मलाही माहीत होतं. मी म्हटलं, अरे, मी बोलते, मला चित्रं कुठे काढायचीत, हे कशाला? तो हसला आणि म्हणाला, ओवाळणीला कशाला म्हणून विचारतात होय?

नाहीच विचारत. ताटात पडेल ते घ्यायचं, त्याची किंमत काढायची नाही, नको म्हणायचं नाही, परत तर मुळीच करायचं नाही. आईने असंच शिकवलेलं, तिला तिच्या आईने. मी दोन्ही खोकी घेतली. उलट डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नवरा नंतर म्हणाला, एवढं महागाचं कशाला आणलं असेल गं? मी त्याच्यावरच खेकसले, तुला बहीण नाही, तुला काय कळणार. तो बिचारा चहा करायला गेला.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं डबा उघडून बसलो. मला वाटलेलं मी नुसती बघणार, पण दादाने माझ्याच हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. म्हणाला, उद्या काही झालं तर तुला जमलं पाहिजे. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी घालायची, फासायची नाही, वरचा ठोकळा बसला की ती आपोआप पसरते. त्या ठोकळ्यातच छोटा पंप असतो. त्याचा रेडिएटर पुढच्या बाजूला उभा लावायचा, पंपापेक्षा त्याचं डोकं वर राहील असा, म्हणजे आत अडकलेली हवा वर जाऊन बसते आणि पंपात गुळगुळ होत नाही. कार्डाचा रेडिएटर छताला, त्याची गरम हवा सरळ वर. पंखे बशीपेक्षा मोठे. त्यांना नुसते स्क्रू लावायचे नाहीत, मध्ये रबराच्या चकत्या घालायच्या, नाहीतर पंखा हलतो आणि अख्खा पत्रा गुणगुणायला लागतो. हे सगळं मी शिकले आणि मला ते आवडलं. चाळिशी ओलांडल्यावर काहीतरी नवीन हाताला आलं की माणूस हुरळतोच.

चालू केल्यावर पुढचा एक पंखा मी उलटा लावलाय असा मला संशय आला. दादा म्हणाला, अगरबत्ती आण. देवासमोरची पेटती काडी आणून त्याने पुढे धरली. दोन पंख्यांनी धूर आत ओढला, तिसऱ्याने माझ्या तोंडावर सोडला. आम्ही इतके हसलो की काकूंना फोन लावून सांगितलं. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांना वाटलं आम्ही पूजा करतोय, त्यांनी आशीर्वाद दिला.

पंखा सुलटा झाला आणि मग काय सांगू. खोलीत काही नाही. मी कान डब्याला लावला तेव्हा कुठे झुळूक असल्यासारखं वाटलं. घरातला फ्रिज एवढा ओरडतो हे मला त्या दिवशी कळलं. दादाने पंख्यांचं वेळापत्रकही बसवून दिलं, म्हणजे आतलं किती तापलं की पंख्यांनी किती फिरायचं ते. कितीही तापलं तरी ते एका मर्यादेपुढे धावणार नाहीत असं ठेवलं. तुला आवाज नको ना, म्हणाला. मग माइकची चाचणी म्हणून मला वाचायला लावलं. हसून वाच, कुजबुजून वाच, रागावून वाच, प्रश्न विचारल्यासारखं वाच. बरंच वाचून घेतलं. मी मनापासून वाचलं. जाताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. मशीन बंद करायचं नाही, पाणी फिरत राहिलं पाहिजे. आणि काही बिघडलं तर विठ्ठलवाडीहूनच आत शिरून बघता यावं म्हणून एक सोय करून ठेवतो, पासवर्ड दे. दिला. तोंडाने सांगितला, वर स्पेलिंग पण सांगितलं.

ठाण्याच्या मॅडम खूष झाल्या. पहिली फाइल ऐकून त्यांचा फोन आला, काय केलंस, स्टुडिओ घेतलास की काय? मी कौतुकाने दादाला त्यांच्याकडे घेऊन गेले. हा माझा भाऊ, याने केलं सगळं, असं छाती फुगवून सांगितलं. दोघांनी नंबर घेतले एकमेकांचे. मी मध्ये बसून बिस्किटं खात होते.

पावसाळ्यात माझ्या घराला बुरशी येते. माइकवरची स्पंजची टोपी धुतली की वाळायचं नाव घेत नाही. एकदा दुपारी ती टोपी मी कॉम्प्युटरच्या छतावर ठेवली, म्हटलं थोडी हवा लागेल. स्वयंपाकघर आवरून आले तर टोपी कडकडीत वाळलेली, आणि हात ठेवला तर वरची हवा चांगली गरम. मी तर काही चालू ठेवलेलं नव्हतं. पुढच्या रेडिएटरला हात लावला, तो गार. म्हणजे प्रोसेसर झोपलेला आणि कार्ड राबतंय. हे ओळखायला दादानेच शिकवलेलं मला. कान लावला, काही नाही, तीच झुळूक. पंखे शहाण्यासारखे त्यांच्या मर्यादेत फिरत होते.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, अपडेट होत असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो म्हणाला, कार्डाच्या नळीत हवा धरली असेल. मला वाटलं मीच कुठेतरी घोळ घातला. डबा उघडला, छतावरचा रेडिएटर काढून पुन्हा बसवला, रबरं बदलली, धूळ पुसली, अगरबत्ती लावून तपासलं. सगळं बरोबर. दुपारी मी जेवून आडवी झाले की ते तापायचं, संध्याकाळी कामाला बसले की निवायचं. माझ्या मनात एकदाही आलं नाही. खरंच सांगते, एकदाही नाही. उलट दादाला सारखा त्रास देतेय म्हणून मलाच लाजल्यासारखं व्हायचं.

त्याच दिवसांत मॅडमचे फोन कमी झाले. आधी धडे थांबले, मग जाहिराती. विचारलं की म्हणायच्या, तू आता निवांत राहा गं. मला वाटलं मंदी असेल. मी नवऱ्याला सांगायचे, दिवाळीच्या आधी काम येईल.

एका सकाळी मी मेथी निवडत बसलेले. फोन वाजला, अनोळखी नंबर. उचलला. पलीकडून मी बोलले.

मी. माझा आवाज. "नमस्कार, स्वतःच्या घराचं स्वप्न आता ठाण्याजवळ, दिवा इथे पूर्ण करा. स्टेशनपासून चालत, चोवीस तास पाणी." वाक्याच्या शेवटी मी श्वास किंचित उशिरा सोडते, तो पण तसाच सोडलेला. मी हे आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. आणि वाचलंही नसतं, कारण माझी मावसबहीण दिव्यात राहते, ती हंडे भरायला पहाटे उठते. चोवीस तास पाणी म्हणे. माझ्या तोंडाने एवढं धडधडीत खोटं आणि तेही किती गोड. मी हॅलो हॅलो करत राहिले. माझ्याच आवाजाने मला सांगितलं की अधिक माहितीसाठी एक दाबा.

मेथी तशीच टाकली आणि ठाणे गाठलं. मॅडमनी मला बघून आधी पाणी दिलं. मी फोनमधलं सांगितलं तर त्या चकित झाल्या, पण मला अपेक्षित होतं त्या गोष्टीने नाही. म्हणाल्या, "अगं, पण तुझा भाऊच तर आणून देतो फाइली. तुझा आवाज मशीनला शिकवलाय, आता कितीही मजकूर द्या, लगेच होतो. मला वाटलं तुम्ही दोघं मिळून करताय."

मी म्हटलं, मिळूनच म्हणायचं.

परत येताना सगळं एकाला एक जोडत गेलं. माझे वर्षानुवर्षांचे धडे आणि गोष्टी त्या मशीनमध्येच होत्या. माझ्याच टेबलावर, माझ्याच विजेवर, मी पलीकडच्या खोलीत डोळा लावून पडलेली असताना ते कार्ड माझा आवाज शिकत होतं. दुकानातली मशीनं त्याला पुरली नसणार आणि एवढ्या फाइली नेत बसण्यापेक्षा इथेच बरं. जुना पंखा असता तर तो पहिल्याच दुपारी बोंबलला असता आणि मी उठून बघितलं असतं. तो घरघरणारा पंखा मी माझ्या हाताने काढला. त्याच्या जागी रबराच्या चकत्या घालून, अगरबत्तीने तपासून, असे पंखे बसवले की मला काही ऐकू येऊ नये. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केस मीच आणून दिलेला.

डोंबिवलीला न उतरता तशीच पुढे विठ्ठलवाडीला गेले. दादा दुकानात एकटाच होता, कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसलेला. मला बघून हसला, चहा सांगू का म्हणाला. मी उभ्यानेच विचारलं, माझा आवाज विकलास तू? वाटलेलं की नाही म्हणेल, शपथा घेईल. निदान खाली बघेल. त्याने स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि मला समजवायला लागला. तुझा घसा सारखा बसतो, थंडीत तुझी कामं जातात, पुढे वय होणार, आवाज फाटणार. हे कधीतरी कुणीतरी करणारच होतं, परक्याने करण्यापेक्षा घरातल्याने केलेलं काय वाईट. जम बसला की सांगणारच होतो. तो इतका प्रेमाने बोलत होता की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी म्हटलं, "मला एकदा विचारायचं होतंस."

तर तो म्हणाला, "एवढं कार्ड तुझ्या ताटात ठेवलं, ते काय नुसतं दिवाळी म्हणून? तू घेतलंस ना? तेव्हा नको म्हणालीस?"

त्याच्या हिशेबी तो व्यवहार झालेला होता. माझ्या हिशेबी मी त्याला ओवाळलेलं होतं. मी इतकी वर्षं दोन हातांनी ताट धरून त्याच्यासाठी मागत आले, त्याला आयुष्य दे, सुख दे. आणि या खेपेला समोर बसलेला माणूस माझ्याशी सौदा करत होता. मला तर पत्ताच नाही. अंगाची नुसती आग आग झाली. मी त्याला फक्त एवढंच सांगितलं की कार्ड तुझं तुला पोचेल आणि यापुढे माझ्या दारात यायचं नाही.

तिथून जिना चढून काकूंकडे गेले. काकूंना सांगणं भाग होतं, या वर्षी भाऊबीज नाही आणि पुढेही नाही. त्यांच्या पोराने काय केलं ते सांगणार होते, अगदी सगळं. त्यांनी तरी त्याला दोन शब्द सुनवावेत असं वाटत होतं. दुसरं कोण होतं मला, आई जाऊन किती वर्षं झाली.

काकू खिडकीपाशी बसलेल्या. मला बघून चेहरा उजळला. म्हणाल्या, "अगं, मघाशी फोनवर बोललीस तेव्हा सांगायचंस ना येतेय म्हणून. भात लावला असता."

मी म्हटलं, मघाशी?

रोज दुपारी करतेस तसाच, त्या म्हणाल्या. मग शेजारच्या बाईला मोठ्याने हाक मारून बोलावलं आणि तिला माझ्याबद्दल सांगायला लागल्या. ही माझी मुलगी. पोटचा पोरगा खाली बसतो, पण जिना चढून वर यायला त्याला फुरसत नसते. ही डोंबिवलीहून रोज न चुकता फोन करते. काकू जेवलात का, काकू गोळी घेतलीत का, विसरू नका हं. मी माझं काय काय सांगत बसते, ही सगळं ऐकून घेते, मध्ये बोलत सुद्धा नाही. एवढं सांगून त्यांनी माझा हात हातात घेतला.

मी त्यांना शेवटचा फोन कधी केलेला ते मला आठवेना.

काय सांगणार होते मी? तुमच्याशी रोज बोलते ती मी नाही, हे? मी त्यांनी दिलेला लाडू खाल्ला. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंत काकू. मी म्हटलं, चला, उशीर होतोय. उठताना काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, उद्याही कर गं.

खाली आल्यावर दादाला सांगितलं की काकूंचा तो फोन आजपासून बंद कर, मी स्वतः करेन. तो मान वर न करता हो म्हणाला. हे त्याने ऐकलं, एवढं खरं.

घरी येऊन मी डबा उघडला. छतावरचे स्क्रू काढले, रेडिएटर उतरवला, कार्ड खेचून बाहेर काढलं आणि नळ्यांसकट खोक्यात भरलं. ओवाळणी परत करायची नसते. मी केली, नवऱ्याच्या हाती पाठवली. दादाला आत शिरायची जी सोय होती ती पुसली, पासवर्ड बदलला. आता हे सगळं करून काय उपयोग, माझा आवाज केव्हाच बाहेर गेलेला. नवरा म्हणाला, पोलिसांत जाऊ. मी म्हटलं, जाऊ, पण आधी काकूंना फोन करू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी केला. त्यांनी लगेच उचलला, वाटच बघत असणार. मी विचारलं, काकू, जेवलात का? गोळी घेतलीत का? त्यांना ऐकू कमी येतं म्हणून पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"आज तुझा आवाज असा का येतोय गं?" काकू म्हणाल्या. "बरं नाहीये का? रोज कशी गोड बोलतेस."

मी म्हटलं, "हो काकू. जरा सर्दी झालीय."